घरी नॅनी ठेवतोय (न्यू जर्सी): पेरोल टॅक्स, डब्ल्यू-२ आणि बाकीचं सगळं

चिंचगुळ | ५ ऑक्टोबर २०२५

नमस्कार मंडळी. आम्ही सेंट्रल जर्सीत राहतो. मुलगी पावणेतीन वर्षांची, मुलगा पाच महिन्यांचा. माझी रजा संपत आली आहे. दोघांच्या डेकेअरचा खर्च बघता घरी येऊन सांभाळणारं कुणी मिळालं तर बरं, असं ठरलं आणि ओळखीतून एक ताई मिळाल्या. वय ५४, ग्रीन कार्ड आहे, मराठी बोलतात, आणि मुख्य म्हणजे मुलगी त्यांच्याजवळ लगेच रुळली. आठवड्याला ४० तास, तासाला २० डॉलर असं बोलणं झालं आहे.

अडलंय ते पगार कसा द्यायचा यावर. ओळखीतले बहुतेक जण म्हणतात, कॅश द्या, इथे सगळे तेच करतात. ऑफिसमधली एक मैत्रीण म्हणते, डब्ल्यू-२ (कर्मचाऱ्याच्या वर्षाच्या पगाराचा आणि कपातीचा फॉर्म) द्यावा लागतो. शेजारचे म्हणाले, १०९९ (स्वतंत्र कंत्राटदाराला देतात तो फॉर्म) देऊन मोकळे व्हा, टॅक्सचं त्यांचं त्या बघतील. मला हे पहिल्या दिवसापासून नीट करायचं आहे. नक्की काय कापायचं, आपल्या खिशातून काय घालायचं, कुठे आणि कधी भरायचं? आणि ताईंच्या हातात कमी पैसे पडणार असतील तर ते त्यांना कसं समजवायचं? अनुभव असेल त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

---

समुद्रमेघ | ५ ऑक्टोबर

आमच्याकडे दोन वर्षं एक काकू येत होत्या, त्यांना झेलने (फोनवरून बँकेतून) पैसे द्यायचो. त्यांनीच सांगितलं होतं की कापाकापी नको. बहुतेक घरांत हेच चालतं. तुम्ही पेरोल सुरू केलंत तर चांगली बाई दुसरीकडे जाईल, याचाही विचार करा.

---

हिशेबनीस | ५ ऑक्टोबर

चिंचगुळ, मी एनरोल्ड एजंट, म्हणजे आयआरएसने (केंद्राच्या कर खात्याने) मान्यता दिलेला करसल्लागार आहे. दर वर्षी टॅक्सच्या हंगामात असे बरेच प्रश्न येतात, म्हणून जरा ऐसपैस लिहितो.

आधी १०९९ चा विषय. कामाची वेळ तुम्ही ठरवता, मुलांनी काय खायचं, कधी झोपायचं, टीव्ही किती बघायचा हेही तुम्हीच सांगता, काम तुमच्या घरी होतं. आयआरएसच्या लेखी या ताई तुमच्या कर्मचारी आहेत. तुम्ही दोघांनी मिळून कागदावर काहीही लिहिलंत तरी ते बदलत नाही. १०९९ दिलात तर सोशल सिक्युरिटी (म्हातारपणची पेन्शन) आणि मेडिकेअर (म्हातारपणचा आरोग्य विमा) यांचा तुमचा वाटाही त्यांच्याच डोक्यावर जातो, म्हणजे पूर्ण १५.३ टक्के त्या भरणार. हे त्यांच्यावर अन्यायाचं आहे. उद्या कुणी त्यांना फॉर्म ८९१९ (कर्मचारी असून कंत्राटदार दाखवलेल्यांचा फॉर्म) दाखवला तर त्या फक्त स्वतःचा वाटा भरतील, तुमच्या नावाची नोंद आयआरएसकडे जाईल आणि तुमचा वाटा तुमच्याकडून मागितला जाईल. शेजाऱ्यांचा सल्ला सोडून द्या.

आता पेरोल. २०२५ मध्ये एका व्यक्तीला वर्षभरात २,८०० डॉलर किंवा जास्त दिले की सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर लागू होतं, तेही पहिल्या डॉलरपासून. (२०२३ मध्ये ही मर्यादा २,६०० होती, २०२४ मध्ये २,७००. दर वर्षी नवा आकडा बघत चला.) तुमच्या ताई चौथ्या आठवड्यातच ती ओलांडतील. दर असे: सोशल सिक्युरिटी ६.२ टक्के त्यांच्याकडून आणि ६.२ टक्के तुमच्याकडून, मेडिकेअर १.४५ आणि १.४५. म्हणजे प्रत्येकी ७.६५ टक्के.

आठवड्याचे ८०० धरले तर त्यांच्या पगारातून ६१ डॉलर २० सेंट कापायचे आणि तेवढेच तुम्ही घालायचे. पूर्ण वर्षाचे ५२ आठवडे धरले तर पगार ४१,६०० आणि तुमचा वाटा ३,१८२ डॉलर ४० सेंट.

त्याशिवाय केंद्राचा बेकारी कर, फूटा. कुठल्याही एका तिमाहीत घरकामाचे एकूण १,००० डॉलर दिले की तो लागू. पहिल्या ७,००० डॉलरवर ६ टक्के, पण राज्याचा बेकारी कर वेळेत भरला तर ५.४ टक्क्यांपर्यंत सूट मिळते आणि ०.६ टक्के उरतो, म्हणजे वर्षाला ४२ डॉलर. हा सगळा तुमच्या खिशातून द्यायचा, त्यांच्या पगारातून नाही.

पुष्कळांना हे माहीत नसतं: घरच्या कर्मचाऱ्याचा फेडरल इन्कम टॅक्स कापणं बंधनकारक नाही. त्यांनी मागितलं आणि तुम्ही मान्य केलं तरच कापायचा. माझा सल्ला असा की कापा. त्यांच्याकडून डब्ल्यू-४ (पगारातून किती टॅक्स कापायचा ते सांगणारा फॉर्म) भरून घ्या. नाहीतर एप्रिलमध्ये त्यांना एकदम मोठी रक्कम भरावी लागते, आणि पगारावर घर चालवणाऱ्या माणसाला ती जड जाते.

भरायचं कसं ते पुढच्या प्रतिसादात लिहितो, जेवायला बोलावणं आलंय.

---

अबोली | ५ ऑक्टोबर

वाचतेय. आमच्या ओळखीत एक मावशी आहेत, मुलाकडे सहा महिन्यांसाठी आल्या आहेत, व्हिजिटर व्हिसावर. दुपारचे चार तास आमच्या बाळाला सांभाळायला तयार आहेत. त्यांनाही हाच नियम का?

---

हिशेबनीस | ५ ऑक्टोबर

अबोली, तिथे टॅक्सच्या आधी दुसराच प्रश्न येतो. बी-२ म्हणजे व्हिजिटर व्हिसावर पगारी काम करता येत नाही, अर्धवेळही नाही, ओळखीतलंही नाही. पुढच्या वेळी विमानतळावर चौकशी झाली तर त्यांचा व्हिसा जाईल, आणि मुलाला, नातवंडांना भेटायला येणं बंद होईल. आपल्या चार तासांच्या सोयीसाठी त्यांना या धोक्यात घालू नका, ही कळकळीची विनंती. आपले स्वतःचे आईवडील येऊन नातवंडांना प्रेमाने बघतात, ती गोष्ट निराळी. पण बी-२ वर आलेल्या आईलाही पगार म्हणून पैसे देऊ नका.

एच-४ वर (एच-१बी वाल्याच्या जोडीदाराचा व्हिसा) असलेल्या मैत्रिणीबद्दलही लोक विचारतात. तिच्याकडे ईएडी (कामाचा परवाना) असेल तर काम करता येतं, नसेल तर नाही. एफ-२ वर (विद्यार्थ्याच्या जोडीदाराचा व्हिसा) तर अजिबात नाही.

---

हिशेबनीस | ५ ऑक्टोबर

चिंचगुळ, आता भरायचं कसं.

पहिलं, आयआरएसच्या साइटवरून ईआयएन (मालकाचा टॅक्स नंबर) घ्या. फुकट आहे, काही मिनिटांत मिळतो. पैसे मागणाऱ्या साइट्स दिसतील, तिकडे जाऊ नका. नॅनीच्या कागदांवर मालक म्हणून हा नंबर जातो, तुमचा सोशल सिक्युरिटी नंबर नाही.

दुसरं, ताई कामावर आल्यापासून तीन कामकाजी दिवसांत आय-९ (काम करण्याचा हक्क तपासल्याचा फॉर्म) पूर्ण करा. त्यांचं ग्रीन कार्ड प्रत्यक्ष बघायचं आणि फॉर्म स्वतःकडे जपून ठेवायचा, कुठे पाठवायचा नसतो. नवा कर्मचारी ठेवल्याची राज्याकडेही वीस दिवसांत नोंद करायची असते.

तिसरं, न्यू जर्सीकडे मालक म्हणून नोंदणी. तिमाहीत १,००० डॉलरच्या वर पगार गेला की राज्याचा बेकारी विमा आणि तात्पुरत्या अपंगत्वाचा विमा लागतो. त्यात थोडा वाटा त्यांच्या पगारातून, थोडा तुमचा, आणि फॅमिली लीव्हचा वाटा फक्त त्यांचा. घरगुती मालकांसाठी वर्षातून एकदाच भरायचा फॉर्म आहे, एनजे-९२७-एच. दर तिमाहीची कटकट नाही.

केंद्राचा सगळा हिशेब शेड्यूल एच या फॉर्मवर होतो आणि तो तुमच्याच १०४० ला, म्हणजे वार्षिक टॅक्स रिटर्नला, जोडला जातो. म्हणजे पैसे एप्रिलमध्ये रिटर्नबरोबर जातात. पण एवढी रक्कम वर्षभर न भरता शेवटी दिली तर कमी भरणा केल्याचा दंड लागू शकतो. सोपा उपाय असा की तुमच्या किंवा नवऱ्याच्या ऑफिसात नवा डब्ल्यू-४ देऊन प्रत्येक पगारातून थोडा जास्त टॅक्स कापायला सांगायचा. ताईंचा आणि तुमचा वाटा मिळून आठवड्याचे साधारण सव्वाशे डॉलर बाजूला पडले की झालं. ताईंचा इन्कम टॅक्सही कापणार असाल तर तेवढी भर त्यात घाला.

आणि ३१ जानेवारीपर्यंत ताईंच्या हातात डब्ल्यू-२. त्याची एक प्रत सोशल सिक्युरिटी अ‍ॅडमिनिस्ट्रेशनला जाते, त्यांच्या साइटवर ती फुकट भरता येते आणि सोबतचा डब्ल्यू-३ आपोआप तयार होतो. सगळे कागद किमान चार वर्षं ठेवा.

हे स्वतः करायचं नसेल तर पेरोल सेवा आहेत. चेक, फॉर्म, राज्याची नोंदणी सगळं त्या बघतात. ज्यांना आकडेमोडीचा कंटाळा आहे त्यांनी ते पैसे जरूर खर्चावेत. पण एका कर्मचाऱ्यासाठी साधी एक्सेल शीट आणि वर्षातून दोन संध्याकाळी पुरतात.

---

टेक्ससकर | ६ ऑक्टोबर

छान माहिती. आमच्याकडे ऑस्टिनला राज्याचा इन्कम टॅक्स नाही, त्यामुळे थोडं सोपं आहे. पण बेकारी कर आहे, टेक्सस वर्कफोर्स कमिशनकडे नोंदणी करावी लागते. बाकी शेड्यूल एच सगळ्यांना सारखाच.

---

गोदातीर | ६ ऑक्टोबर

कॅलिफोर्नियात सीमा आणखी खाली आहे. तिमाहीत ७५० डॉलर दिले की ईडीडीकडे (राज्याच्या रोजगार खात्याकडे) नोंदणी आणि एसडीआय (अपंगत्व विमा). १,००० झाले की बेकारी करही. आम्ही दोन कुटुंबांत मिळून एक नॅनी ठेवली आहे. लक्षात घ्या, अशा वेळी दोन्ही घरं स्वतंत्र मालक असतात. दोन ईआयएन, दोन डब्ल्यू-२. 'तुम्ही भरा, आम्ही अर्धे देतो' असं चालत नाही.

---

समुद्रमेघ | ६ ऑक्टोबर

हिशेबनीस, एवढं सगळं केलं तरी माझा मूळ मुद्दा राहतोच. ज्यांच्यासाठी करायचं त्यांनाच नको असेल तर? आठवड्याला ६१ डॉलर म्हणजे त्यांच्यासाठी मोठी रक्कम आहे. मी भांडत नाहीये, खरंच विचारतोय.

---

नलूमावशी | ६ ऑक्टोबर

मी सहसा फक्त वाचते. आज लिहावंसं वाटलं, कारण मी हेच काम करते.

मुलीने ग्रीन कार्ड केलं आणि आम्ही दोघं पन्नाशीत इथे आलो. पहिल्या घरी मला कॅश मिळायची. मीच म्हटलं होतं, कापू नका. मला कुणी समजावून सांगितलं नव्हतं आणि घरातल्यांनाही ते सोयीचं होतं. नंतर दुसऱ्या घरी काम लागलं. त्या मुलीने पहिल्याच दिवशी माझ्यासमोर कागद ठेवले आणि सांगितलं, काकू, हे पैसे तुमच्याच नावावर जातात. तिने मला सोशल सिक्युरिटीच्या साइटवर माझं खातं उघडून दिलं. तिथे वर्षावर्षाची कमाई दिसते. कॅशच्या वर्षांपुढे शून्य. तेवढी वर्षं मी दोन जुळ्या मुलांना अंगाखांद्यावर वाढवलं, आणि सरकारदरबारी मी काही केलंच नाही.

इथे ४० क्रेडिट (टॅक्स भरलेल्या कमाईवर मिळणारे गुण) झाल्याशिवाय पेन्शन नाही. वर्षाला जास्तीत जास्त चार मिळतात, म्हणजे दहा वर्षं. भारतात मी शाळेत बालवाडीला शिकवलं, पण भारत आणि अमेरिकेत त्यासाठीचा करार नाही, त्यामुळे ती नोकरी इथे धरत नाहीत. दहा वर्षं इथेच भरावी लागतात. पासष्टीला मेडिकेअर घ्यायचं तर ज्यांची ४० क्रेडिट झालीत त्यांना हॉस्पिटलचा भाग, पार्ट ए, बिनपैशांचा मिळतो. नाहीतर महिन्याला हप्ता. २०२५ चा हप्ता ५१८ डॉलर आहे, ३० क्रेडिट झाली असतील तर २८५.

समुद्रमेघ दादा, राग मानू नका. आमच्यासारखीला ६१ डॉलर मोठे वाटतात हे खरं आहे. पण म्हातारपणी महिन्याला ५१८ कुठून आणायचे? लेकीकडे मागायचे? मला ते नको आहे.

---

चिंचगुळ | ६ ऑक्टोबर

मावशी, तुम्ही लिहिलंत म्हणून मनापासून आभार. आमच्या ताई ५४ च्या आहेत. म्हणजे आत्ता सुरू केलं तर दहा वर्षं ६४ ला पूर्ण होतील, पासष्टीच्या अगदी आधी. आणखी दोन वर्षं कॅशमध्ये गेली तर हुकेल. मी असा हिशेबच केला नव्हता.

---

हिशेबनीस | ७ ऑक्टोबर

नलूमावशींनी जे सांगितलं ते मी कितीही कलमं लिहून सांगितलं नसतं. २०२५ मध्ये १,८१० डॉलरच्या कमाईला एक क्रेडिट आहे, चारही क्रेडिटला ७,२४० लागतात. आठवड्याला ८०० असेल तर नऊ-दहा आठवड्यांत वर्षाची चारही होतात. म्हणजे ताई ऑक्टोबरमध्येच सुरू झाल्या तर हेही वर्ष पदरात पडू शकतं.

आणि पेन्शनपलीकडेही आहे. काम सुटलं तर बेकारी भत्ता मिळतो, आजारपणात न्यू जर्सीचा तात्पुरता अपंगत्व भत्ता मिळतो, घरभाड्यासाठी किंवा गाडीच्या कर्जासाठी उत्पन्नाचा पुरावा हाती असतो. कॅशवाल्या बाईला यातलं काहीच नाही.

समुद्रमेघ, तुमच्या प्रश्नाचं व्यवहारातलं उत्तर: त्यांचा ७.६५ टक्के वाटा मालकाने स्वतः भरला तरी चालतो. कायद्याने मुभा आहे. तेवढी रक्कम डब्ल्यू-२ वर इन्कम टॅक्सच्या खान्यात त्यांच्या उत्पन्नात धरायची, सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरच्या खान्यांत नाही. किंवा पगार उलट्या बाजूने ठरवा. हातात ७०० पडायला हवे असतील तर ७०० भागिले ०.९२३५, म्हणजे सुमारे ७५८ कबूल करा. (राज्याची छोटी कपात आणि इन्कम टॅक्स त्यावर वेगळा.) बोलणी करतानाच 'हातात' की 'कापण्याआधीचा' हे स्पष्ट करून घ्या. निम्मी भांडणं तिथून सुरू होतात.

कॅश देऊन सापडत नाही असं म्हणणाऱ्यांसाठी: बहुतेक वेळा कुणी छापा घालत नाही. काम संपल्यावर बाई बेकारी भत्त्याचा अर्ज करते आणि मालक म्हणून तुमचं नाव लिहिते. तो तिचा हक्क आहे. राज्याला तुमची नोंद सापडत नाही आणि पत्र येतं. ज्या वर्षाचं रिटर्नच भरलेलं नाही त्याला मुदतीची सीमा लागत नाही, दंड आणि व्याज साचत राहतं. सिटिझनशिपच्या अर्जात थकलेल्या टॅक्सबद्दल प्रश्न असतो, तिथे खोटं लिहिणं तर फारच महागात पडतं.

---

पानगळ | ७ ऑक्टोबर

यावरून १९९३ आठवलं. क्लिंटन यांनी अ‍ॅटर्नी जनरल पदासाठी झोई बेअर्ड यांचं नाव पुढे केलं होतं. मुलाला सांभाळायला कागदपत्रं नसलेली बाई ठेवली आणि तिचा सोशल सिक्युरिटी टॅक्स वेळेत भरला नाही, एवढ्यावरून त्यांना माघार घ्यावी लागली. पाठोपाठ किंबा वुड यांचं नाव मागे पडलं. त्यांनी तर टॅक्स भरला होता, आणि कागद नसलेल्या बाईला कामावर ठेवणं ज्या काळात बेकायदा नव्हतं त्या काळात ठेवलं होतं. दोघीही स्त्रिया होत्या. त्याआधी मंत्रिपदांवर गेलेल्या किती पुरुषांना 'मुलांना कोण सांभाळतं' असं विचारलं गेलं असेल, असं मला तेव्हाही वाटलं होतं आणि आजही वाटतं.

त्यातून एक चांगली गोष्ट झाली. १९९४ मध्ये कायदा बदलला. आधी तिमाहीला ५० डॉलर दिले तरी फॉर्म भरावा लागायचा. तो आकडा वर्षाला १,००० केला आणि हा सगळा हिशेब स्वतःच्या १०४० बरोबर भरायची सोय झाली. आज आपण शेड्यूल एच भरतो त्याचं मूळ हे.

---

मुळामुठा | ७ ऑक्टोबर

पुण्यातून वाचतोय. आमच्याकडे घरकामाच्या मावशींना महिन्याचा पगार हातात आणि दिवाळीला एक पगार जास्त, एवढाच हिशेब. महाराष्ट्रात २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला, २०२१ पासून ई-श्रमवरही नोंदणी होते. पण नोंदणी करायला मावशींबरोबर कोण जातं? नलूमावशींचा प्रतिसाद घरी मोठ्याने वाचून दाखवला. या रविवारी आमच्याकडच्या मावशींचं आधार आणि बँकेचं पासबुक घेऊन ई-श्रमची नोंदणी करून देणार आहे.

---

चिंचगुळ | ८ ऑक्टोबर

काल ताईंशी बोलले. नलूमावशींचा प्रतिसाद त्यांना फोनवर वाचून दाखवला. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, मला हे कुणी सांगितलंच नव्हतं. पेरोलला तयार आहेत. पहिलं वर्ष त्यांचा ७.६५ टक्क्यांचा वाटा आम्ही भरणार, पुढच्या वर्षी पगारवाढीत बघू असं ठरलं.

दोन गोष्टी उरल्या. माझी मीटिंग लांबली की कधी कधी ४५ तास होतील. त्याचं काय? आणि या खर्चातलं काही आपल्याला टॅक्समध्ये परत मिळतं का?

---

हिशेबनीस | ८ ऑक्टोबर

ओव्हरटाइम द्यावा लागेल. नॅनी तासावर काम करणारी कर्मचारी धरली जाते, आठवड्याचा ठोक पगार ठरवून त्यातून सुटता येत नाही. ४० तासांपुढे दीडपट. म्हणजे ४५ तासांचे ८०० अधिक ५ गुणिले ३०, एकूण ९५०. तासांची नोंद रोज ठेवा आणि आठवड्याच्या शेवटी दोघींनी सही करा.

न्यू जर्सीत १ जुलै २०२४ पासून घरकामगारांच्या हक्कांचा वेगळा कायदाही लागू आहे. लेखी करार हवा, जेवणाची आणि विश्रांतीची सुट्टी हवी. आजारपणाची पगारी रजा तर आधीपासूनच आहे, ३० तासांमागे एक तास, वर्षाला ४० तासांपर्यंत. करार इंग्रजीबरोबर मराठीतही करा. तुम्ही फिरायला गेलात त्या आठवड्याचा पगार मिळणार की नाही, हे त्यात नक्की लिहा.

वर्कर्स कॉम्पही (कामावर दुखापत झाली तर भरपाई देणारा विमा) विसरू नका, न्यू जर्सीत ते बंधनकारक आहे. घराचा विमा ज्यांच्याकडे आहे त्यांना फोन करा आणि 'पूर्णवेळ घरकामगार' असं सांगून विचारा. बाळाला कडेवर घेऊन जिन्यावरून पाय घसरला तर हॉस्पिटलचं बिल कोण भरणार, हा प्रश्न आधीच सुटलेला बरा.

परत काय मिळतं: ऑफिसात डिपेंडंट केअर एफएसए (मुलांच्या सांभाळासाठी पगारातून करमुक्त पैसे ठेवायचं खातं) असेल तर २०२५ मध्ये ५,००० डॉलरपर्यंत टॅक्सआधी बाजूला ठेवता येतात. २४ टक्क्यांच्या पायरीवर असाल तर इन्कम टॅक्स आणि ७.६५ मिळून १,५८० च्या आसपास वाचतात. (पगार १,७६,१०० च्या वर असेल तर सोशल सिक्युरिटीची बचत होत नाही, आकडा कमी येतो.) दोन मुलं आहेत, म्हणून मुलांच्या सांभाळाच्या टॅक्स क्रेडिटसाठी (टॅक्समधली थेट सूट) ६,००० पर्यंतचा खर्च धरतात. त्यातून ५,००० वजा, उरलेल्या १,००० वर तुमच्या उत्पन्नगटात २० टक्के, म्हणजे २०० डॉलर. तुम्ही भरलेला मालकाचा वाटाही या खर्चात धरता येतो.

२०२६ पासून एफएसएची मर्यादा ७,५०० आहे. ती पूर्ण वापरली तर दोन मुलांच्या क्रेडिटला काही उरत नाही. तरी बहुतेकांना एफएसएच फायद्याची. ओपन एन्रोलमेंट (ऑफिसातल्या अशा योजना निवडायची मुदत) आत्ताच असेल, तारीख चुकवू नका. आणि हे सगळं फक्त नॅनीचा सोशल सिक्युरिटी नंबर रिटर्नवर लिहिता येतो म्हणून मिळतं. कॅश देणाऱ्यांना हे पैसे सोडावे लागतात, हेही हिशेबात धरा.

---

अबोली | ८ ऑक्टोबर

माझी नोकरी नाही, एच-४ वर आहे, ईएडी अजून आलेला नाही. आम्हाला एफएसए आणि क्रेडिट?

---

हिशेबनीस | ८ ऑक्टोबर

अबोली, दोघांचीही कमाई असेल किंवा एक जण पूर्णवेळ विद्यार्थी असेल तरच. (काम करणं किंवा स्वतःची काळजी घेणं शक्य नसलेल्या जोडीदारासाठी अपवाद आहे.) ईएडी येऊन नोकरी लागल्यावर त्या तारखेपासूनचा खर्च धरता येईल. बाळ झालं, नोकरी लागली, अशा बदलांच्या वेळी ऑफिसात वर्षाच्या मध्येही एफएसए सुरू करता येते. मुदत थोडी असते, पहिल्याच आठवड्यात एचआरला विचारा.

---

समुद्रमेघ | ९ ऑक्टोबर

नलूमावशी, तुमचं लिहिणं दोन दिवस मनात आहे. आमच्या काकू आता दुसरीकडे जातात, पण संपर्क आहे. मागच्या दोन वर्षांचं आता काही करता येतं का?

---

हिशेबनीस | ९ ऑक्टोबर

येतं, आणि विचारलंत हे फार चांगलं झालं. त्या वर्षांसाठी १०४०-एक्स (दुरुस्त रिटर्न) बरोबर शेड्यूल एच भरा, काकूंसाठी उशिराचे डब्ल्यू-२ करा, राज्याचे फॉर्म भरा. त्यांचा न कापलेला वाटाही आता तुम्हालाच भरावा लागेल. दंड आणि व्याज लागेल, पण स्वतःहून पुढे आलात तर पत्र येण्याची वाट बघण्यापेक्षा कमी त्रास. काकूंच्या कमाईची नोंद दुरुस्त करायला साधारण त्या वर्षानंतर तीन वर्षं, तीन महिने आणि १५ दिवसांची मुदत असते, म्हणून लांबवू नका. आधी त्यांच्याशी बोला, कारण त्यांनाही त्या वर्षांचं रिटर्न दुरुस्त करावं लागेल. त्याची फी तुम्ही दिलीत तर योग्य होईल.

---

नलूमावशी | ९ ऑक्टोबर

दादा, जरूर करा. आणि त्यांना सोशल सिक्युरिटीचं ऑनलाइन खातं उघडून द्या. पासवर्ड वहीत लिहून द्या, आम्ही विसरतो. डब्ल्यू-२ गेल्यावर लगेच दिसत नाही, काही महिने लागतात. तिथे आकडा दिसेपर्यंत मधूनमधून बघत राहायला सांगा.